रंगीत काचेआडचे मौन आणि मंडळीची साक्ष

मंडळीवर एखादे मोठे दुःख कोसळते आणि ते निसर्गाच्या कोपाचे नसून माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाचे असते, तेव्हा पाळकापुढे एक बिकट प्रश्न उभा राहतो. पुढील रविवारी उपदेशपीठावरून काय बोलावे, कोणते गीत गावे, आणि आपल्या उपासनामंदिरात त्या दुःखाची काही खूण ठेवावी की नाही? शोक करणाऱ्यांना लवकर धीर द्यावा, ही आपली सहजप्रवृत्ती होय. ती वाईट नव्हे. परंतु धीर देण्याच्या घाईत पुष्कळदा अन्यायाचा उच्चारच राहून जातो, आणि क्षमेचा उपदेश ज्याने अपराध केला त्याच्याच सोयीचा ठरतो. हा प्रश्न ज्या मंडळीला अत्यंत कठोर रीतीने सोसावा लागला, आणि ज्याला वादकांनी, कवींनी व एका काचकारागिराने आपापल्या परीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला, त्या मंडळीचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. ती मंडळी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम या शहरी आहे. सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्च या नावाने ती ओळखली जाते.

रविवार, १५ सप्टेंबर १९६३

बर्मिंगहॅम हे लोखंड व पोलाद यांच्या कारखान्यांवर वाढलेले शहर. ते १८७१ साली वसले, आणि दोनच वर्षांनी, १८७३ साली, तेथील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांनी आपली ही मंडळी स्थापन केली. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. आजची इमारत १९११ साली उभी राहिली. तिचा आराखडा वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने तयार केला. गोऱ्यांच्या सभागृहांत ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांच्यासाठी हे चर्च उपासनेप्रमाणेच सभा, व्याख्याने व संगीत यांचेही स्थान झाले.

१९६३ सालापर्यंत या शहरात शाळा, उपाहारगृहे, दुकानांतील बसण्याच्या जागा, इतकेच नव्हे तर पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा वर्णानुसार निराळे होते. कृष्णवर्णीयांच्या घरांवर व चर्चवर इतक्या वेळा बाँब टाकण्यात आले होते, की लोक शहराला ‘बाँबिंगहॅम’ म्हणू लागले होते. त्या वर्षी वसंत ऋतूत या भेदाविरुद्ध निदर्शने सुरू झाली. १२ एप्रिल रोजी, उत्तम शुक्रवारी, मार्टिन लूथर किंग यांना अटक झाली. आणि त्याच सुमारास शहरातील आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी एक निवेदन प्रसिद्ध करून ही निदर्शने अविचारी व अवेळी असल्याचे सांगितले. किंग यांनी तुरुंगातून त्यांना जे उत्तर लिहिले, त्यावर १६ एप्रिल ही तारीख आहे. त्या पत्रात त्यांनी अनेक धर्मसेवकांच्या मौनावर बोट ठेवले आहे. रंगीत काचांच्या खिडक्यांमागची सुरक्षितता ही गुंगी आणणारी असते, आणि तिच्या आडोशाला बसून पुष्कळ जण गप्प राहिले, असा त्यांचा आरोप होता. हा काचेचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

२ मे रोजी याच चर्चच्या दारातून शाळकरी मुलामुलींचे जथे बाहेर पडले. त्यांतील शेकडो मुले तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी समोरच्या केली इनग्रॅम उद्यानात त्यांच्यावर पोलिसांचे कुत्रे सोडण्यात आले आणि अग्निशामक दलाच्या नळ्यांतून पाण्याचा जबर मारा करण्यात आला. ती छायाचित्रे जगभर गेली. अखेरीस शहरातील व्यापाऱ्यांनी काही अटी मान्य केल्या, व सप्टेंबरात न्यायालयाच्या आदेशाने काही शाळा सर्वांना खुल्या झाल्या.

याच महिन्याच्या १५ तारखेस, रविवारी, या चर्चमध्ये तरुणांची विशेष उपासना होती. शब्बाथशाळेचा त्या दिवसाचा पाठ क्षमाशील प्रीतीविषयी होता. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी बाहेरच्या पायऱ्यांखाली लपविलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. तळघरातील खोलीत उपासनेची तयारी करीत असलेल्या चार मुली जागच्या जागी ठार झाल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली व कॅरल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या होत्या, आणि डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. ॲडी मेची बारा वर्षांची बहीण सेरा तेथेच होती. ती वाचली, पण तिचा एक डोळा गेला. वीसहून अधिक माणसे जखमी झाली. त्याच दिवशी शहरात सोळा वर्षांचा जॉनी रॉबिन्सन पोलिसाच्या गोळीने, आणि तेरा वर्षांचा व्हर्जिल वेअर एका गोऱ्या मुलाच्या गोळीने मरण पावला. एका रविवारी सहा मुले गेली.

चर्चच्या बहुतेक खिडक्यांचा चुरा झाला. एका खिडकीत मात्र बालकांना घेऊन चाललेला ख्रिस्त दाखविला होता. ती बरीचशी उभी राहिली, परंतु तिच्यातील ख्रिस्ताचे मुख तेवढे उडून गेले. चेहऱ्याच्या जागी नुसते भोक राहिले आणि त्यातून आकाश दिसत होते.

तीन दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, तीन मुलींच्या अंत्यविधीत किंग यांनी उपदेश केला. चौथीचा, म्हणजे कॅरल रॉबर्टसनचा, विधी तिच्या कुटुंबाने आदल्या दिवशी निराळा केला होता. त्या उपदेशात किंग पुन्हा काचेकडे वळले. रंगीत काचांच्या सुरक्षित आडोशाला राहून मौन पाळणाऱ्या प्रत्येक सुवार्तिकाला या मुली काही सांगत आहेत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. ज्या चर्चच्या काचा नुकत्याच फुटल्या होत्या, त्याच्याच मुलींच्या शवपेट्यांसमोर हे शब्द उच्चारले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची धार कळते.

शोकगीतांचा वारसा

या आघातातून जी कला निर्माण झाली ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मंडळी शोक करायला १९६३ साली शिकली नाही. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची गीते ऐकून मालक लोक म्हणत की पहा, हे किती सुखी आहेत, सारखे गात असतात. स्वतः गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपल्या आत्मवृत्तात हा भ्रम खोडून काढला. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखी असताना, आणि गाण्याने त्याला आराम मिळतो तो अश्रूंनी मिळावा तसा, असे त्यांनी सांगितले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली या गीतांना ‘शोकगीते’ असेच नाव दिले. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८७१ पासून ती गीते सभागृहांतून गाइली व त्या मिळकतीतून आपल्या विद्यालयासाठी इमारत उभी केली. त्यांच्यातील फ्रेडरिक लाउडिन यांनी आपला गायकसंघ घेऊन १८८४ ते १८९० या काळात जगप्रवास केला, आणि त्या प्रवासात ही गीते हिंदुस्थानातही गाइली गेली.

या गीतांत मोशे आहे, दानीएल आहे, लाल समुद्र आहे आणि क्रूस आहे. गाणारा माणूस पवित्र शास्त्रातील घटनेला दूरची मानीत नाही. क्रूसाजवळ आपण स्वतः उभे होतो, असे तो म्हणतो. जेम्स कोन या ईश्वरविज्ञान्याने १९७२ साली या गीतांवर एक ग्रंथ लिहिला, आणि पुढे २०११ साली दुसऱ्या ग्रंथात क्रूस आणि ज्या झाडांवर कृष्णवर्णीयांना जमावाने फाशी दिले ती झाडे यांना समोरासमोर ठेवले. अमेरिकेतील विद्वान धर्मपंडितांना जे दिसले नाही, ते साम्य गायकांनी व कवींनी आधीच पाहिले होते, ही त्यांची खंत आहे. आमच्या मते या खंतीत प्रत्येक धर्मशिक्षणसंस्थेने घ्यावा असा धडा आहे.

शब्द नसलेले गीत आणि आईचे काव्य

बर्मिंगहॅमच्या त्या रविवारानंतर थोड्याच काळात अनेक कलाकृती आल्या. त्यांतील दोनच आम्ही येथे घेतो, कारण त्या शोकाच्या दोन वेगळ्या रीती दाखवितात.

पहिली जॉन कोलट्रेन या सॅक्सोफोनवादकाची. त्याने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी, घटनेनंतर दोन महिन्यांनी, आपल्या तीन साथीदारांसह एक रचना ध्वनिमुद्रित केली व तिला ‘अलाबामा’ एवढेच नाव दिले. तिच्यात एकही शब्द नाही. आरंभी वाद्य एखादा माणूस हळूहळू बोलावा तसे चालते, थांबते, पुन्हा बोलू लागते. खाली पियानोचा गंभीर घोष चालू असतो. हे वाक्यबंध किंग यांच्या अंत्यविधीतील उपदेशावर बेतले आहेत असे पुष्कळांनी म्हटले, पण कोलट्रेनने स्वतः तसे सांगितल्याचे आढळत नाही. ते काहीही असो. ऐकणाऱ्याला येथे कोणी धीर देत नाही. कोणीतरी आपल्याजवळ बसून राहिले आहे, एवढेच जाणवते. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, तोवर त्यांचे वागणे योग्यच होते. त्यांचा दोष ते बोलू लागल्यावर दिसून आला.

दुसरी कृती डडली रँडल या कवीची. हा डेट्रॉइट शहरी ग्रंथपालाचे काम करी. बर्मिंगहॅमवरील आपला पोवाड्याच्या धर्तीचा गेय काव्यलेख त्याने १९६५ साली एका सुट्या पानावर छापून विकावयास ठेवला, आणि त्यातूनच त्याच्या ‘ब्रॉडसाइड प्रेस’ या प्रकाशनाचा आरंभ झाला. कवितेत एक लहान मुलगी मोर्चात जाण्याची परवानगी मागते. तेथे कुत्रे आहेत, बंदुका आहेत, असे सांगून आई तिला नकार देते आणि त्याऐवजी चर्चमध्ये मुलांच्या गायनाला पाठविते. कारण ते स्थान सुरक्षित. पुढे काय झाले हे वाचकाला ठाऊकच असते. कवीने मारेकऱ्यांविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. तो फक्त आईची माया दाखवितो, आणि त्या मायेने केलेली निवडच कशी फसली ते दाखवितो. चर्च सुरक्षित असेल ही समजूतच त्या दिवशी मोडली होती. मंडळीला हे ऐकणे जड जाते, पण ते तिने ऐकणे अवश्य आहे.

अडीच शिलिंगांची मर्यादा

आता त्या खिडकीकडे वळू. ग्रेट ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, लानस्टेफन या खेड्यात, जॉन पेट्स (१९१४ ते १९९१) हा कलावंत राहत असे. खोदचित्रे व रंगीत काचकाम हा त्याचा व्यवसाय. स्फोटाची बातमी ऐकून बाप म्हणून त्याला मुलांच्या मरणाचा धक्का बसला, आणि काचकाम करणारा म्हणून त्या खिडक्यांच्या विध्वंसाचाही. आपण काय करू शकतो, असे त्याने स्वतःला विचारले. उत्तर साधे होते: जे काम आपल्या हाताला येते ते. त्याने कार्डिफच्या ‘वेस्टर्न मेल’ या दैनिकाचे संपादक डेव्हिड कोल यांना गाठले, आणि त्या चर्चला वेल्सतर्फे एक खिडकी करून देण्याची कल्पना मांडली.

कोल यांनी वर्तमानपत्रातून आवाहन केले आणि त्याला एक अट घातली. कोणीही अर्ध्या क्राऊनपेक्षा, म्हणजे अडीच शिलिंगांपेक्षा, अधिक देणगी देऊ नये. एखाद्या धनिकाने सगळी रक्कम भरून मोकळे व्हावे आणि खिडकीवर त्याचे नाव लागावे, हे त्यांना नको होते. ती वेल्सच्या जनतेची भेट असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मुले आपल्या खाऊचे पैसे घेऊन रांगेत उभी राहिली. त्यांत कार्डिफच्या बंदरवस्तीतील कृष्णवर्णीय मुलेही होती आणि गोरी मुलेही. थोड्याच अवधीत पुरेशी रक्कम जमली.

वेल्सच्या लोकांना अलाबामाविषयी एवढी ओढ का वाटावी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण जुन्या स्नेहात आहे. तेथील कोळसाखाणींतील कामगार व कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचा संबंध १९३० नंतरच्या दशकापासूनचा. अमेरिकन सरकारने रोबसनचे पारपत्र अडवून ठेवले असताना, १९५७ साली, वेल्समधील खाणकामगारांच्या संगीतोत्सवात तो समुद्राखालील टेलिफोनच्या तारेवरून गायिला आणि कामगारांनी त्याला गाऊनच उत्तर दिले. म्हणजे खिडकीच्या आधी गीत आले होते. ज्या लोकांनी एकमेकांची गाणी ऐकली होती, त्यांना एकमेकांचा शोकही ऐकू आला.

देणगीवरील ही अट आम्हास लहान वाटत नाही. दुःखितांना दिलेली भेट पुष्कळदा देणाऱ्याचेच स्मारक होऊन बसते. आपल्या किती चर्चमध्ये संगमरवरी पाटीवर दात्याचे नाव ठळक अक्षरांत असते आणि ज्यांच्या घामाने भिंत उभी राहिली त्यांचे कोठेच नसते! विधवेच्या दोन टोल्यांविषयी आपण उपदेश करतो. ‘वेस्टर्न मेल’च्या संपादकाने त्या उपदेशाचा व्यवहारात एक नियम केला, असे म्हणावयास हरकत नाही.

खिडकीत काय आहे

१९६५ साली ती खिडकी चर्चमध्ये बसविण्यात येऊन तिचे समर्पण झाले. आज ती दर्शनी बाजूस, वरच्या सज्जाच्या पातळीवर आहे. तिच्यात कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे. त्याचे मस्तक झुकलेले असून बाहू क्रूसावर पसरावेत तसे पसरलेले आहेत. एक हात द्वेष व अन्याय यांना दूर लोटीत आहे, दुसरा क्षमा पुढे करीत आहे. मस्तकावर इंद्रधनुष्य आहे. ते मानवजातीच्या सर्व वर्णांचे चिन्ह. खाली मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायाच्या ४०व्या वचनावरून घेतलेले मोजके शब्द आहेत, आणि ही वेल्सच्या जनतेची भेट असल्याचा उल्लेख आहे.

वचनाची निवड विचार करण्याजोगी आहे. कनिष्ठातील कनिष्ठाला जे केले ते मला केले, असे राजा तेथे म्हणतो. आपण हे वचन बहुधा दानधर्माच्या प्रसंगी वापरतो: भुकेल्याला अन्न दिले, ते प्रभूला दिले. पण तो सारा उतारा न्यायाच्या दिवसाचा आहे, आणि ४५व्या वचनात त्याची दुसरी बाजू येते. बर्मिंगहॅमच्या भिंतीवर हे शब्द आले तेव्हा त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी कापू लागला. त्या तळघरात जे घडविले गेले ते ख्रिस्ताला केले गेले. म्हणून आईबापांना हे सांत्वन आहे की त्यांची मुले एकटी नव्हती, आणि मारणाऱ्याला व गप्प बसणाऱ्याला हा निवाडा आहे. एकाच वाक्यात सांत्वन व निवाडा एकत्र राहतात. त्यांना वेगळे केले की दोन्ही बिघडतात.

दोन हातांचेही तसेच. क्षमेचा हात तेवढा दाखविला असता तर चित्र गोड झाले असते व कोणालाही खुपले नसते. परंतु लोटणारा हातही तेथे आहे. अन्यायाला ‘नाही’ म्हटल्यावाचून क्षमेला अर्थ राहत नाही, हे जे तत्त्व आपण उपदेशात सांगताना अडखळतो, ते तेथे शब्दांवाचून उभे आहे.

आणखी एक गोष्ट. स्फोटाने ज्या ख्रिस्ताचे मुख उडविले तो गोरा ख्रिस्त होता. लेखक जेम्स बॉल्डविन यांनी त्याच वर्षी या रिकाम्या जागेविषयी उपरोधाने म्हटले, की संगमरवरी वर्णाच्या ख्रिस्ताचा आम्हाला इतका काळ जाच झाला, की त्याचा चेहरा नाहीसा होणे हीसुद्धा एक प्राप्तीच समजावी. हे बोल कडवट आहेत. तथापि त्यांमागचे दुःख खरे आहे. आपल्यासारख्या वर्णाच्या माणसांनीच प्रभूला खिळले, आणि आपल्यासारखा वर्ण प्रभूच्या चित्रात कधीच दिसत नाही, असा अनुभव ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला, त्यांच्या उपासनामंदिरात नव्या खिडकीने प्रभूला त्यांच्या मुलींचा वर्ण दिला.

कलेला जे करता येत नाही

येथेच थांबलो तर हा लेख एक गोड कथा होईल, आणि ते इतिहासाला धरून होणार नाही. खिडकी १९६५ साली बसली. त्या वेळेपर्यंत केंद्रीय तपास खात्याला मुख्य संशयितांची नावे समजली होती. तरी खटला भरला गेला नाही. पहिला अपराधी रॉबर्ट शँब्लिस याला १९७७ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, शिक्षा झाली. थॉमस ब्लँटन याला २००१ साली व बॉबी फ्रँक चेरी याला २००२ साली. चौथा संशयित हर्मन कॅश १९९४ साली आरोपावाचूनच मरण पावला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे तो काळा ख्रिस्त आपला एक हात अन्याय लोटण्यासाठी पसरून उभा होता, आणि न्याय येत नव्हता. खिडकी न्याय देऊ शकत नाही. न्याय मिळाल्याचा आभास तिने उत्पन्न केला असता, तर ती किंग यांनी निषेधिलेल्या काचांपैकीच आणखी एक ठरली असती.

स्मरणातही उणीव राहते. जगाने चार मुलींची नावे लक्षात ठेवली. त्याच दिवशी गेलेले दोन मुलगे पुष्कळ काळ मागे पडले. २०१३ साली, घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, केली इनग्रॅम उद्यानात एलिझाबेथ मॅकक्वीन या शिल्पकर्तीने घडविलेली चार मुलींची मूर्तिशिल्पे उभारली गेली, आणि त्यांत सहा कबुतरे ठेवण्यात आली. दोन त्या मुलग्यांसाठी. जिवंत राहिलेल्या सेरा कॉलिन्स यांची आठवण तर आणखी उशिरा झाली. अलाबामाच्या गव्हर्नर के आयव्ही यांनी त्यांची क्षमा मागितली ती २०२० साली. मेलेल्यांचे स्मारक उभारणे सोपे असते. एक डोळा गमावून जी बाई आपल्याच शहरात जगत राहिली, तिच्या दाराशी जाणे अवघड असते. पाळकांनी हे विशेषेकरून मनावर घ्यावे, असे आम्हास वाटते.

आपल्याकडील दुवे व आपले कर्तव्य

वर्णभेद व जातिभेद एकच नव्हेत. त्यांचा उगम, त्यांची रीत व त्यांचा इतिहास निराळा आहे. तरी आपल्या लोकांनी अमेरिकेतील या लढ्याकडे फार पूर्वीपासून आपलेपणाने पाहिले आहे. बर्मिंगहॅमची ही मंडळी ज्या १८७३ साली स्थापन झाली, त्याच साली जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. १९५९ साली किंग हिंदुस्थानात आले असताना केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू अशी करून देण्यात आली. प्रथम त्यांना धक्का बसला. मग विचारांती, होय, मी तोच आहे, असे त्यांनी मानले. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ची स्थापना करणाऱ्या तरुण कवी-लेखकांनी आपले नावच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले, आणि त्यांच्या काव्यातून मराठीत शोक व संताप यांना नवी वाणी मिळाली.

प्रभूच्या मुखाचा प्रश्नही आपल्याला परका नाही. गोव्यात जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका (१९०२ ते १९६७) शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी ख्रिस्ताची व साडी नेसलेल्या मरियेची चित्रे काढली. त्यांच्याच समाजातील काहींना हा अपमान वाटला. निळ्या डोळ्यांची विलायती चित्रे ज्या घरांत टांगली होती, तेथे आपल्या आईसारखी दिसणारी मरिया स्वीकारणे कठीण गेले. आपल्या वर्णाची आपल्यालाच लाज वाटावी, एवढा हा रोग आत शिरतो.

मग आपल्या मंडळ्यांनी काय करावे? सर्वांनाच काचेची खिडकी करविता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु बर्मिंगहॅमच्या इतिहासातून तीन गोष्टी आम्ही सेवकबंधुभगिनींपुढे ठेवतो. पहिली, अन्यायाने कोणी गेले तर त्यांची नावे उपासनेत घ्यावीत, आणि अन्यायाला अन्याय म्हणावे. ‘दुर्दैवी घटना’ हा शब्द पुरेसा नाही. दुसरी, विलापाला वेळ द्यावा. स्तोत्रसंहितेत ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातील राहेल सांत्वन पावत नाही. मत्तयाने बेथलेहेमच्या बालकांच्या वधानंतर तिचेच स्मरण केले. आपल्या गीतसंग्रहात स्तुतीची गीते विपुल आहेत. विलापाची किती, ते प्रत्येकाने उघडून पहावे. नारायण वामन टिळकांनी अभंग व ओवी आपल्या उपासनेत आणली, आणि जात्यावर बसलेल्या आपल्या आयांना दुःख ओवीत कसे घालावे हे कधी शिकवावे लागले नाही. मंडळीतील ज्या घरावर आघात झाला त्या घरातील ओवी उपासनेत ऐकली गेली, तर ती आयात केलेल्या कोणत्याही गीताहून मोलाची ठरेल. तिसरी गोष्ट, अशी खूण सर्वांच्या अडीच-अडीच शिलिंगांची असावी. आणि ती उभारल्यावर आपले काम संपले असे न मानता, न्यायालयाच्या, पोलीसठाण्याच्या व त्या घराच्या पायऱ्या चढत राहावे.

आपल्या चर्चची काच कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न शेवटी उरतो. जिच्याआड बसले की बाहेरचा आक्रोश ऐकू येत नाही अशीही काच असते, आणि जिच्यातून प्रकाश आत येतो तो बाहेरच्या मेलेल्या मुलांची आठवण घेऊनच येतो, अशीही असते. बर्मिंगहॅमच्या मंडळीने पहिली गमावली व दुसरी मिळविली. आणि तिला त्यासाठी फार मोठे मोल द्यावे लागले. आपल्यावर तसा प्रसंग न येवो. परंतु आपल्या गावात, आपल्याच वस्तीत, तो कोणावर तरी आलेला असेल, तर पुढील रविवारी उपदेशपीठावर चढण्यापूर्वी आपण त्या घरी जाऊन बसावे, आणि काय बोलावे हे त्या घराकडूनच शिकून यावे.